मराठी ग्रंथांवर परवान्याची एक ओळ छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला, तेव्हापासून भाषेच्या भवितव्याविषयी आपल्या व इतर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. त्या लिखाणात प्राचीनतेचा अभिमान आहे, मराठी शाळांची काळजी आहे, दुकानांच्या पाट्यांचा वादही आहे. परंतु आंतरजालावर मराठी मजकूर कोणत्या स्वरूपात ठेवला जातो आणि तो पुढे वापरण्याची परवानगी वाचकाला असते की नाही, याविषयी फारसे काही वाचनात आले नाही. मी ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो आणि गेली काही वर्षे मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्याच परिवारातील मुक्त ग्रंथालयावर, जुन्या पुस्तकांच्या पानांचे मुद्रितशोधन करतो, एवढाच माझा या विषयाशी संबंध. त्या कामात रोज जे आडवे येते, ते वाचकांसमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एखादे मराठी पुस्तक 'ऑनलाइन आहे' असे आपण सहज म्हणतो, पण त्या शब्दात तीन निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिल्या अवस्थेत पानांची छायाचित्रे काढून त्यांची पीडीएफ केलेली असते. ती डोळ्यांनी वाचता येते, पण तिच्यातला एकही शब्द शोधयंत्राला सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या संगणकाला ती मोठ्याने वाचून दाखवता येत नाही. दुसऱ्या अवस्थेत तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारखीच कळणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत, टंकलिखित झालेला असतो; त्यामुळे तो शोधता येतो, उतरवून घेता येतो, ऐकता येतो. तिसऱ्या अवस्थेत त्या मजकुरासोबत परवानगीही मिळते: हा मजकूर घ्या, मूळ लेखकाचे नाव द्या आणि भाषांतर करा, पाठ्यपुस्तकात वापरा, विकिपीडियावर न्या, त्यात भर घाला. माझ्या नोकरीच्या काळात दुर्मीळ ग्रंथ काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याची पद्धत होती. पुस्तक असल्याचे सर्वांना दिसे, संस्थेला त्याचा अभिमानही वाटे, पण ते हातात मिळायला अर्ज करावा लागे. आज आंतरजालावरील आपले बरेचसे मराठी ज्ञानभांडार तशाच कपाटात आहे.

दुसऱ्या अवस्थेपर्यंत पोचण्यातील अडचण मराठीच्या बाबतीत थोडी वेगळी असल्यामुळे ती तपशिलाने सांगतो. १९९० आणि २०००च्या दशकांत आपल्या छापखान्यांत व कार्यालयांत जे मराठी संगणकावर टंकले गेले, त्यातले फार मोठे प्रमाण अशा फॉन्टमध्ये आहे की ज्यांत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या. तो फॉन्ट संगणकावर असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो. फॉन्ट गेला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो. प्रमाणित सांकेतिक पद्धती तेव्हा नव्हत्या असे नाही. भारतीय मानक ब्यूरोची 'इस्की' ही पद्धत १९९१मध्ये मंजूर झाली आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आहे. पण छपाईच्या कामाला 'दिसायला मराठी' एवढेच पुरत असल्याने प्रमाणीकरणाची निकड कोणाला जाणवली नाही. आता हा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर रूपांतरक वापरावा लागतो आणि तो नेमका वेलांटीला व रफाराला ठेचकाळतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराआधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर, तर युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे उलटा साठवला जातो. जोडाक्षर मध्ये आले की रूपांतरकाचा अंदाज हमखास चुकतो, आणि मग माणसाने बसून ओळ न् ओळ तपासण्याला पर्याय उरत नाही.

ज्यांचा मजकूर संगणकावर कधीच टंकला गेला नाही, अशा जुन्या पुस्तकांसाठी ओसीआर, म्हणजे छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी प्रणाली, आता बरीच सुधारली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' या दोन शब्दांत स्वयंपाकी आणि गुरू यांच्याएवढे अंतर असते, आणि 'दऱ्या' व 'दर्या' यांत डोंगरदरी आणि समुद्र यांच्याएवढे, हे त्या प्रणालीला अजून नीट उमगलेले नाही; आपला 'ऱ्य' तिच्या हातून निसटतो आणि दर्यात पडतो. १९६२च्या लेखननियमांपूर्वीची पुस्तके असतील तर 'नांव', 'कांहीं', 'घरें' असे अनुच्चारित अनुस्वार पानोपानी भेटतात. ते मुळाबरहुकूम ठेवायचे असतात, पण यंत्र त्यांतले काही ठिपके कागदावरचे डाग समजून गाळते आणि कागदावरच्या डागांना अनुस्वार समजून ठेवते. एका पानाला कधी दहा मिनिटे लागतात, कधी पाऊण तास. हे काम कंटाळवाणे आहे, असे लोक म्हणतात. मला तसे कधी वाटले नाही, पण तो स्वभावाचा भाग असेल. सांगायचे एवढेच की, या मार्गाने मोकळे होणारे प्रत्येक पान कोणा ना कोणा माणसाने वाचलेले असते आणि अशी माणसे मराठीत थोडी आहेत, म्हणून त्यांच्या वेळेचा अपव्यय होता कामा नये.

आणि तो होतो. कारण तिसऱ्या अवस्थेचा, म्हणजे परवानगीचा, प्रश्न आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यावर हक्क असतो. मुळात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१च्या अखेरीस संपत होते, तेव्हा ती साठ करण्यात आली आणि त्या एका निमित्ताने देशातील सर्वच भाषांतील साहित्य आणखी दहा वर्षे बंद राहिले. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११पासून सर्वांचे झाले. इरावती कर्वे १९७० साली गेल्या, म्हणून त्यांच्या लेखनासाठी २०३१ उजाडावे लागेल. हा हिशेब सरळ आहे. परंतु लेखकाच्या निधनाचे साल ठाऊक नसेल, तर त्या सरळ हिशेबाचा काही उपयोग होत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेती, वैद्यक, यंत्रविद्या, स्थानिक इतिहास अशा विषयांवर मराठीत लिहिणारी असंख्य माणसे शिक्षक, वैद्य किंवा कारकून होती. त्यांच्या मृत्यूची नोंद कोणत्याही कोशात नाही, वारस कुठे आहेत हे कळत नाही, प्रकाशन संस्था बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. आणि एवढ्याच कारणाने, ज्या पुस्तकावर हक्क सांगायला कदाचित कोणीही येणार नाही ते पुस्तक बाजूला ठेवावे लागते.

शासकीय प्रकाशनांचे मात्र असे नाही. तेथे हक्कदार कोण, हे पहिल्या पानावर छापलेले असते. कायद्यानुसार शासकीय प्रकाशनावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९६० साली निघालेले शासकीय पुस्तक १ जानेवारी २०२१पासून मोकळे झाले. पण ज्यांची साठ वर्षे अजून भरलेली नाहीत अशी शेकडो पुस्तके, ज्यांचा खर्च करदात्यांनी उचलला, ज्यांतली बरीचशी आज विक्रीलाही नाहीत, ती 'सर्व हक्क राखीव' या सवयीच्या ओळीमुळे अडकून पडतात. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्या वर्षीच भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला विश्वकोशाचा संसार मांडला आणि १९७६ साली पहिला खंड वाचकांच्या हाती दिला. तेव्हापासून आजवर परिभाषा कोश, गॅझेटियर, चरित्रे, शास्त्रीय विषयांवरील अनुवादित ग्रंथ असे जे साहित्य शासनाने काढले, त्याच्या तोडीचे काम पुष्कळ मोठ्या भाषांतही झालेले नाही. विश्वकोशाचे खंड आंतरजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि त्याबद्दल विश्वकोश मंडळाचे जितके आभार मानावेत तितके थोडेच. माझी तक्रार कोणा एका संस्थेविषयी नाही. मात्र विनामूल्य वाचता येणे आणि पुढे वापरता येणे यांतला फरक शासनाच्या धोरणात कुठेतरी स्पष्ट लिहिला गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

असा फरक ओळखून पाऊल टाकल्याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या तयार मुक्त परवान्याखाली खुला केला. श्रेय द्यावे आणि त्यातून केलेली नवी कृतीही त्याच अटींवर इतरांना द्यावी, एवढ्याच त्या परवान्याच्या अटी आहेत. त्यामुळे कोंकणी विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांना एक तयार भांडवल मिळाले. तमिळांनी तर हे फार पूर्वी केले. सुब्रह्मण्य भारतींच्या साहित्याचे हक्क तेव्हाच्या मद्रास सरकारने १९४९ साली विकत घेतले व पुढे ते लोकांसाठी खुले केले, आणि निवडक दिवंगत लेखकांच्या वारसांना मोबदला देऊन त्यांचे साहित्य सार्वजनिक करण्याची प्रथा तमिळनाडूत तेव्हापासून चालत आली आहे. आपल्याकडे साहित्यिकांच्या स्मारकांवर, दालनांवर आणि संमेलनांवर खर्च होतो; त्याला माझा विरोध नाही, पण दरवर्षी पाच दिवंगत मराठी लेखकांच्या समग्र साहित्याचे हक्क घेऊन ते मोकळे करण्याला याहून फार अधिक पैसे लागतील असे वाटत नाही, आणि त्या लेखकांचे त्याहून चांगले स्मारक मला तरी सुचत नाही.

शासनाकडे माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. शासनाने काढलेल्या किंवा शासनाच्या अनुदानावर निघणाऱ्या प्रत्येक मराठी प्रकाशनाच्या श्रेयनामावलीच्या पानावर मुक्त परवान्याची एक स्पष्ट ओळ छापावी. प्रकाशनाची युनिकोड प्रत पीडीएफबरोबर उपलब्ध करून द्यावी. आणि राज्याच्या स्थापनेपासूनच्या छापील सूचीतील जी पुस्तके दहा वर्षांत पुन्हा छापली गेली नाहीत, ती त्याच परवान्याखाली मोकळी करावीत. केंद्र शासनाने सरकारी आकडेवारीसाठी २०१७ साली मुक्त परवाना अधिसूचित केला आहे, म्हणजे कल्पना नवी नाही; तिचा विस्तार ग्रंथांपर्यंत करायचा आहे. यांपैकी शेवटच्या मागणीला अनुवादक, चित्रकार आणि बाहेरील लेखकांशी झालेले जुने करार तपासावे लागतील, हे मला ठाऊक आहे, आणि ते काम किचकट आहे. पण ते आज केले नाही तर दहा वर्षांनी ते करार सापडणारही नाहीत.

या सूचनेवर जे आक्षेप घेतले जातात ते मी अनेकदा ऐकले आहेत. परवाना दिला की कोणीही मजकुरात मनमानी फेरफार करील, असा एक आक्षेप असतो. परंतु परवान्याखालीही बदल केल्याचे सांगणे बंधनकारक असते, आणि लेखकाच्या कृतीची विटंबना रोखण्याचा त्याचा हक्क प्रताधिकार कायद्याच्या ५७व्या कलमात स्वतंत्रपणे राखलेला आहे. खासगी प्रकाशकांचे नुकसान होईल, हा आक्षेप चालू विक्रीच्या पुस्तकांना लागू पडतो, आणि ती मोकळी करा असे मी म्हणतच नाही. आपले साहित्य परदेशी कंपन्या आपल्या भाषायंत्रांना, म्हणजे स्वतः मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना, शिकवण्यासाठी फुकट वापरतील, हा आक्षेप मात्र अलीकडे जोरात आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. त्यावर माझे उत्तर इतकेच की, ही यंत्रे मराठी लिहायची थांबणार नाहीत. प्रश्न एवढाच आहे की ती कोणत्या मराठीवरून शिकतील. चांगला मजकूर कपाटात आणि यांत्रिक भाषांतरांचा ढीग बाहेर, अशी स्थिती राहिली तर 'आशा आहे की हे पत्र आपल्याला उत्तम स्थितीत शोधेल' अशा मराठीची आपण सवय करून घ्यावी. भाषिणी हा केंद्राचा प्रकल्प असो वा चेन्नईच्या आयआयटीतील संशोधकांचे काम असो, भारतीय भाषांसाठी जे जे आपल्या देशात चालले आहे त्यालाही हाच मोकळा, शुद्ध मजकूर लागतो, आणि परवान्याच्या संदिग्धतेने सर्वांत आधी अडते ते अशा लहान व प्रामाणिक माणसांचेच.

सगळा भार शासनावर टाकून आपण मोकळे होऊ नये. ज्यांच्या घरी वडिलांनी वा आजीने लिहिलेले एखादे पुस्तक आहे, त्यांना बहुधा कल्पनाही नसते की त्यावरील हक्क आज त्यांचा आहे. १९९४च्या दुरुस्तीनंतरच्या करारांत मुदत लिहिलेली नसेल तर प्रकाशकाला दिलेला हक्क पाच वर्षांनीच संपतो, असे कायदा सांगतो. आणि २०१२च्या दुरुस्तीनुसार लेखकाला साध्या जाहीर सूचनेद्वारेही आपला हक्क सोडता येतो. हक्क पूर्ण सोडायचा नसेल तर मुक्त परवाना देता येतो, ज्यात लेखकाचे नाव कायम राहते. एका परिचित कुटुंबाने आजोबांचे वनस्पतींवरील पुस्तक असे मोकळे केले, तेव्हा वर्षानुवर्षे कोणी न मागितलेल्या त्या पुस्तकातील स्थानिक नावे विकिपीडियावरील लेखांमध्ये उतरू लागली. याच्या उलट अनुभवही पदरी आहे. एका संस्थेने आपला दुर्मीळ संग्रह मोठ्या खर्चाने स्कॅन केला, समारंभपूर्वक संकेतस्थळ उघडले, प्रती उतरवून घेण्याची सोय मात्र मुद्दाम ठेवली नाही. पुढे संकेतस्थळाचे शुल्क भरायचे राहिले आणि सगळेच नाहीसे झाले. परवाना असता आणि चार ठिकाणी प्रती गेल्या असत्या, तर ती मेहनत वाचली असती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिलेली डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया बंद पडली, तेव्हा तिच्यातील मराठी पुस्तके आज आपल्याला मिळतात ती इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर प्रती होत्या म्हणून.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. २०११च्या जनगणनेत ज्या भाषेचे ८ कोटी ३० लाख भाषिक नोंदले गेले, तिच्या विकिपीडियावरील लेखांची संख्या सुमारे एक लाखाच्या आसपास असावी आणि त्यातही पुष्कळ लेख दोन-तीन ओळींचे असावेत, याचे खापर नेहमी मराठी माणसाच्या उदासीनतेवर फोडले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. विकिपीडियावर प्रत्येक विधानाला संदर्भ द्यावा लागतो, आणि मराठीतील भरवशाचे संदर्भ एकतर आंतरजालावर नसतात किंवा असले तरी चित्ररूपात असतात. मग सातारा किंवा भंडारा जिल्ह्याविषयी मराठीत लिहिणारा तरुणही इंग्रजी संदर्भाकडे वळतो आणि त्याच्या वाक्यांतही इंग्रजीची रचना शिरते. हौशी लेखक वृत्तपत्रातील मजकूर जसाच्या तसा उतरवतो, तो प्रताधिकारभंग म्हणून काढून टाकावा लागतो आणि तो लेखक रागावून पुन्हा फिरकत नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या हाती मोकळ्या परवान्याचा परिभाषा कोश आणि गॅझेटियर ठेवता आले असते, तर तो टिकला असता.

मराठीने स्वतःसाठी मागावे आणि शेजारच्या भाषांना विसरावे, हेही बरोबर नाही. संथाली विकिपीडिया २०१८ साली संथालीच्या स्वतःच्या ओल चिकी लिपीत सुरू झाला. गोंडीच्या दोन लिप्यांना २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, मोडीला त्याआधी २०१४ मध्येच मिळाले. लिपीला जागा मिळाली की अर्धे काम होते. गोंडी, कोरकू, भिली, अहिराणी यांतील गीते आणि कथा आपल्या विद्यापीठांच्या प्रबंधांत संकलित होऊन पडलेल्या आहेत, त्या ज्यांच्या आहेत त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने मोकळ्या झाल्या, तर त्या भाषांच्या मुलांना स्वतःच्या भाषेत काहीतरी शोधून सापडेल. येथे संमतीचा शब्द मी मुद्दाम घातला आहे, कारण मुक्त ज्ञानाच्या उत्साहात दुसऱ्याच्या घरातील वस्तू उचलून चव्हाट्यावर मांडण्याचा प्रमादही घडतो.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि तेव्हापासूनची मराठी वृत्तपत्रे हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा सर्वांत मोठा व सर्वांत कमी वापरलेला दस्तऐवज आहे. आपल्या संग्रही जे जुने अंक असतील, त्यांतले प्रताधिकाराची मुदत संपलेले अंक स्कॅन करून ते मुक्त असल्याचे स्पष्ट लिहून ठेवावे. मुद्रितशोधनासाठी माझ्यासारखे काही निवृत्त लोक निश्चित मिळतील. आणि हे पत्र आपण छापणार असाल तर माझ्या वतीने त्याखाली पुढील ओळही छापावी, जागेअभावी इतर काही गाळावे लागले तरी चालेल:

'हे पत्र क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवितरण ४.० परवान्याखाली उपलब्ध आहे.'

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल